मदत हवी आहे: जावरच्या खाणीतले दगड ओळखायचे आहेत

नमस्कार मंडळी. मी अंबाजोगाईजवळच्या शाळेत विज्ञान शिकवते. दाजींनी उदयपूरकडून येताना जावरच्या शिसे-जस्त खाणीचे तीन दगड आणलेत. आपल्याकडे जिकडे बघावं तिकडे काळा बेसॉल्ट, त्यामुळे पोरांचे हात त्यांवरून हटेनात.

पहिला गॅलेना (शिशाचं खनिज), याबद्दल शंका नाही. मुठीएवढाच, पण उचलताना मनगट खाली जातं. पाण्याच्या साडेसातपट घनता, म्हणजे आपल्या काळ्या दगडाच्या दुपटीहून जास्त. एक कोपरा तुटला तर चकचकीत छोटे चौकोनी ठोकळे निघाले.

अडलंय दुसऱ्यापाशी. गडद तपकिरी, डिंकासारखी चमक. फरशीच्या खरबरीत पाठीवर घासला तर रेघ मात्र फिकट पिवळी उमटली. हा स्फॅलेराइटच (जस्ताचं खनिज) ना? सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं की सडक्या अंड्याचा वास यायला हवा, पण तो हायड्रोजन सल्फाइड विषारी, वर्गात नको वाटतं. दुसरी कुठली खात्रीची खूण आहे का?

तिसरा करडा-पांढरा. आम्लाचा थेंब टाकला तर गप्प, भुकटी केल्यावर बारीक फेस. म्हणजे ही खनिजं ज्यात सापडतात तो डोलोमाइटच (चुनखडीसारखा दगड) का?

आणखी एक. गॅलेनात शिसं आहे. पोरं हाताळतात, मी लगेच साबणाने हात धुवायला लावते. एवढं पुरे, की काचेच्या बरणीत बंदच ठेवू? भूशास्त्र शिकलेल्यांनी कृपया सांगा, सोमवारी तास आहे.