चढवायला वीज जास्त, उतरताना कमी. मग पंप स्टोरेजचा फायदा काय?

अकोलेकर
आमच्याकडे डोंगरावर पंप स्टोरेजसाठी मोजणी चालू आहे. दिवसा सोलरच्या विजेने पाणी वरच्या तलावात चढवायचं, संध्याकाळी खाली सोडून वीज करायची, असं ग्रामसभेत साहेबांनी सांगितलं. मी विचारलं, चढवायला जास्त वीज लागते का? म्हणाले, हो. मग एवढा खटाटोप कशाला? बॅटऱ्या लावा की. माझी दीड एकर जातेय, म्हणून नीट समजून घ्यायचंय.

मीना, नाशिक
माझ्या छतावर सोलर आहे, बॅटरी नाही. दुपारची वीज ग्रीडला जाते, पण तिथे ती साठत नाही. त्याच क्षणी शेजारीपाजारी कोणीतरी वापरतं, बिलात फक्त वजावट होते. दिवेलागणीला सगळ्यांना एकदम हवी असते, तेव्हा ती कुठून तरी आणावीच लागते.

जुना ऑपरेटर
माझी सगळी नोकरी जलविद्युत केंद्रात झाली, म्हणून सविस्तर लिहितो.

साहेबांनी खरं सांगितलं. हजार लिटर पाणी ४०० मीटरवरून उतरलं की साधारण एक युनिट मिळतं. तेच चढवायला सव्वा युनिट लागतं. पण ते सव्वा युनिट कोणत्या वेळचं आहे ते बघा. भर दुपारी ऊन मुबलक आणि मागणी कमी असली, तर सोलरवाल्यांना उत्पादन कमी करायला सांगावं लागतं. ती वीज वायाच गेली असती. हातात येणारं एक युनिट मात्र संध्याकाळचं, जेव्हा ओढ सगळ्यात जास्त असते.

तुमच्या अकोले तालुक्यातलंच घाटघरचं पंप स्टोरेज केंद्र घ्या. १२५ मेगावॉटचे दोन संच, २००८ पासून. वरचं धरण प्रवरेवर, खालचं शहापूर तालुक्यात चोंढ्याला. एकच यंत्र एका दिशेने फिरलं की पंप, उलट फिरलं की टर्बाइन. दिशा बदलताना संच आधी पूर्ण थांबवतात. ब्रेक लागले की पायाखालच्या लादीची थरथर बंद होते, आणि काही मिनिटांत उलटा फेरा सुरू. असे प्रकल्प आखले तेव्हा हिशोब रात्रीचा होता. कोळशाचे बॉयलर रोज रात्री विझवता येत नाहीत, म्हणून उरलेल्या विजेवर पाणी चढवायचं. सोलर आलं आणि चढवायची वेळ दुपारवर सरकली.

बॅटरीत घट कमी होते आणि ती लवकर उभी राहते. दोन-चार तासांसाठी मी तिलाच पसंती देईन. पण ती वापरागणिक झिजते, काही वर्षांनी बदलावीच लागते. डोंगरातलं केंद्र चाळीस-पन्नास वर्षं चालतं. माझ्या मते आपल्याला दोन्ही लागणार आहेत. मात्र तंत्र चांगलं आहे म्हणून जमिनीच्या भावात एक पैसाही सोडू नका.

अकोलेकर
काका, विजेचं समजलं. पण आमच्या विहिरी फेब्रुवारीतच तळाला जातात. तलाव भरायला पाणी आमचंच नेणार ना?

जुना ऑपरेटर
रोज तेच पाणी वर-खाली फिरतं. पण पहिलं भरण आणि दरवर्षी उन्हाने उडालेल्या पाण्याची भरपाई कुठून तरी उचलावीच लागते. किती दशलक्ष घनमीटर, कोणत्या नदीतून आणि कोणत्या महिन्यात, हे लेखी मागा. पावसाळ्याबाहेर उपसा नाही, ही अट ग्रामसभेच्या ठरावात घाला. प्रकल्प अहवाल मिळाला की पाण्याचं प्रकरण इथे टाका, मी आकडे पडताळून देतो.