मदत हवी आहे: ८० टक्क्यांनंतर चार्जिंग इतकं मंद का होतं?

मंडळी, नेरूळला राहतो. इलेक्ट्रिक गाडी घेऊन चार महिने झाले, बॅटरी ४५ किलोवॉट-अवरची. परवा पाम बीच रोडजवळ ६० किलोवॉटच्या डीसी चार्जरवर लावली. १५ टक्क्यांवर स्क्रीनवर ४६ किलोवॉट दिसत होते. ८० वर २२, आणि ९३ ला जेमतेम ६! १५ ते ८० व्हायला ४१ मिनिटं लागली, पुढच्या पंधरा टक्क्यांना अर्धा तास. मागे रांगेत थांबलेल्या काकांचे कटाक्ष वेगळेच.

भाचा म्हणतो, ठाण्याहून सुटणाऱ्या लोकलसारखं आहे. डबा रिकामा असताना सगळे पटापट बसतात, शेवटच्या सीटसाठी शोधाशोध. सेलचं व्होल्टेज कमाल मर्यादेला पोचलं की बीएमएस (बॅटरी सांभाळणारी गाडीतली यंत्रणा) करंट कमी करत नेते, नाहीतर अ‍ॅनोडवर लिथियम धातू साचून बॅटरी खराब होते. इथवर पटलं. पण सोसायटीतल्या ७.२ किलोवॉटच्या एसी चार्जरवर वेग जवळजवळ शेवटपर्यंत तसाच राहतो. तो मुळातच कमी आहे म्हणून का?

आता गणपतीला साताऱ्याला जायचंय. वाटेत एकदाच ९५ पर्यंत भरू, की दोनदा थांबून २० ते ७० करू? खंडाळ्याचा घाट चढून तापलेली बॅटरी लगेच लावली तर वेग आणखी पडतो का? माझी बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची आहे, त्यामुळे टक्क्यांच्या आकड्यावर किती भरवसा ठेवावा तेही सांगा. स्वतः मोजलेले आकडे असतील तर फारच उत्तम.