शब्दचर्चा : 'उठत नाही' आणि 'उठवत नाही'

'डिप्रेशन'साठी मराठीत घरात बोलता येईल असा शब्द आहे का? कोशातला नको. आईला फोनवर सांगता येईल असा हवाय.

थोडी पार्श्वभूमी. वय २४. पुण्यात सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, म्हणजे करत होतो. अभ्यासिकेची फी दर महिन्याला जाते, मी मात्र आठवड्यातून एकदा गेलो तर गेलो. मेसचा डबा दुपारी दाराशी येतो आणि संध्याकाळी बऱ्याचदा तसाच भरलेला परत जातो. आई परभणीजवळच्या गावी असते. रोज रात्री नऊला तिचा फोन, "जेवलास का?" मी "हो" म्हणतो. मागच्या आठवड्यात धीर करून म्हणालो, "कंटाळा आलाय गं." त्यावर ती, "आता कंटाळा करून कसं जमंल? दोन वर्षं काढलीस की."

'नैराश्य' म्हटलं तर तिच्या डोळ्यांपुढे पेपरातली बातमी येणार. 'डिप्रेशन' म्हटलं तर बाबा रात्रीची एसटी पकडून सकाळी दारात. 'उदास' म्हणावं तर ते आमच्याकडे आभाळ भरून आल्यावर म्हणतात. मग काय म्हणू?

प्रतिसाद (सातारा)

मी शाळेत मराठी शिकवायचे, आता निवृत्त आहे, तेव्हा जरा लांबण लागेल.

'उदास' या शब्दाचं मूळ 'बाजूला बसलेला' असं आहे. 'उदासीन' त्यातलाच. जुन्या मराठीत तो दुःखाचा शब्द नव्हता, अलिप्तपणाचा होता. तुकोबांचं 'जोडोनिया धन उत्तम वेव्हारें, उदास विचारें वेच करी' आठवा. तिथे रडत रडत खर्च करा असं सांगितलेलं नाही, मन न गुंतवता करा असं सांगितलंय. मी वर्गात हा अभंग घेतला की दरवर्षी एक तरी मूल विचारायचं, "बाई, पैसे मिळवून उदास कशाला व्हायचं?"

'विषाद', 'विषण्ण' आणि हिंदीवाले वापरतात तो 'अवसाद' हे सगळे 'सद्' म्हणजे बसणे, खचणे या धातूचे. गंमत म्हणजे 'प्रसन्न' आणि 'प्रसाद'ही त्याच घरातले. 'विषण्ण' मात्र मी आयुष्यात कुणाला बोलताना ऐकलेला नाही, तो छापलेलाच भेटतो.

माझं खरं भांडण 'नैराश्य'शी आहे. हा शब्द आशेतून आलाय, त्यामुळे तो उच्चारला की ऐकणारा लगेच विचारतो, "कसली निराशा?" म्हणजे काहीतरी हवं होतं, ते मिळालं नाही, असा हिशेब तो मागतो. नापास झाला, लग्न मोडलं, नोकरी गेली. कारण देता आलं नाही की मग "सगळं तर आहे तुला!" आणि हा आजार पुष्कळदा सगळं असलेल्याला होतो. बातम्यांनी त्या शब्दाची आणखी वाट लावली. 'नैराश्यातून टोकाचं पाऊल' हा तर तयार ठसाच झालाय, चार ओळींत एका माणसाचं कारण सांगून मोकळे.

प्रतिसाद (नागपूर)

आमच्याकडे "गमत नाही" म्हणतात, तुमच्याकडचं "करमत नाही". नवीन होस्टेलला गेलेली पोरं, नवीन सासरी गेलेली पोरगी, सगळ्यांना गमत नाही. पण त्याच्यावर उपाय म्हणजे दोन दिवस घरी जाऊन येणं. तुम्ही दिवाळीला घरी गेला असाल ना? तिथं गमलं का?

मूळ प्रश्नकर्ता

नाही. घरीही खोलीतच होतो. आईला वाटलं दमलोय.

प्रतिसाद (नागपूर)

मग हा शब्द पुरणार नाही भाऊ.

प्रतिसाद (डोंबिवली)

नामं शोधणं सोडा, क्रियापदांकडे बघा. मराठीत दोष कुणाचा हे क्रियापद ठरवतं.

टेन्शन आपण 'घेतो'. म्हणूनच समोरचा सहज म्हणतो, "घेऊ नकोस." आळस 'करतो', म्हणून "करू नकोस." डिप्रेशनमध्ये 'जातो', जसं काही गाव आहे आणि तिकीट आपणच काढलं. पण ताप 'येतो', रडू 'येतं', उदास 'वाटतं', भरून 'येतं'. त्यात माणूस कर्ता नाहीच, 'मला' होऊन बाजूला उभा असतो. तापाला कुणी "येऊ देऊ नकोस" म्हणत नाही.

कंटाळा या दोन्ही डगरींवर उभा आहे. तो 'येतो'ही आणि 'करतो'ही. तुम्ही म्हणालात "कंटाळा आलाय", आईने ऐकलं "कंटाळा करतोय". ती चुकली नाही, शब्दच दगाबाज निघाला.

आता शाळेतली शक्य क्रियापदं आठवा. 'मी उठत नाही' आणि 'मला उठवत नाही'. पहिल्यात आळशीपणा आहे. दुसऱ्यात उठायचंय, पण अंगात ती ताकदच नाही. जेववत नाही, बोलवत नाही, वाचवत नाही, बघवत नाही. आजारी माणसाबद्दल आपण हेच बोलतो. "आजोबांना आता चालवत नाही." त्यावर कुणी आजोबांना कामचुकार म्हणत नाही.

(हल्ली हे रूप मुलांच्या तोंडून जातंय, 'उठता येत नाही' म्हणतात. शिवाय 'उठवत नाही'चा घोटाळा होतो. माझ्या भाचीला वाटलं आई तिला सकाळी उठवत नाही. 'मला'वर जोर द्या.)

प्रतिसाद (मुंबई)

वरचा प्रतिसाद वाचून खुर्चीतच उठून बसले. मी समुपदेशक आहे. मनोविकारतज्ज्ञ ज्या तीन मुख्य गोष्टी तपासतात, त्यांना मराठीत तीन वेगळ्या रचना आहेत हे मला आज कळलं.

मनःस्थिती खालावणे : उदास वाटतं, रिकामं वाटतं.
रस जाणे : जेवावंसं वाटत नाही, मित्रांना भेटावंसं वाटत नाही, मॅच बघावीशी वाटत नाही.
शक्ती जाणे : उठवत नाही, जेववत नाही.

पहिली आपण सगळेच अधूनमधून बोलतो. मूल हिरमुसतं, पाहुणे न आल्याने आजी खट्टू होते, तिन्हीसांजेला उगाच हुरहूर लागते. ते तासाभरात नाहीतर दोन दिवसांत ओसरतं. आम्ही मोजतो ते निदान दोन आठवडे, जवळपास रोज, दिवसाचा बराचसा भाग. सोबत झोप, भूक, एकाग्रता, आणि 'मन खातं' म्हणतात तसा विनाकारण अपराधीपणा. तुमच्या डब्याला किती दिवस झाले?

आणखी एक वाक्य असतं, ते लोक फार हळू आवाजात म्हणतात. "झोपावं आणि उठूच नये असं वाटतं." ते तुमच्या मनात येत असेल तर योग्य शब्द शोधत बसू नका, आजच कुणाला तरी जसंच्या तसं सांगा. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलिमानसचा नंबर आहे. २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं.

डॉक्टरांकडे गेलात तर 'मला डिप्रेशन आहे' असं निदान स्वतःच करून जाऊ नका. काय काय 'वत नाही' आणि कधीपासून, एवढंच सांगा. ते रक्ततपासणीही सांगतील, कारण थायरॉइड कमी पडलं तरी माणूस असाच मलूल होतो.

प्रतिसाद (ठाणे)

आमच्या गावाचं नावच शिवी होऊन बसलंय, त्यामुळे बोलतो. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी, जिथे जिथे सरकारी मनोरुग्णालय, तिथल्या नावाने टोमणा. "याला ठाण्याला पाठवा." मी २२ व्या वर्षी औषधं सुरू केली तेव्हा मित्राला सांगितलं, तर त्याने हेच म्हटलं आणि हसला. मी ठाण्यातच राहतो. रिक्षाने गेलो होतो, साध्या दवाखान्यात. नंबर येईपर्यंत शेजारच्या काकू मोबाइलवर भाजीचा व्हिडिओ बघत होत्या.

घरी मी शब्द वापरलाच नाही. गोळीची पट्टी फ्रिजवर ठेवली. वडिलांनी चौथ्या दिवशी विचारलं.

प्रतिसाद (सातारा)

डोंबिवलीकर, तुम्ही माझ्या वर्गात असता तर पैकीच्या पैकी दिले असते.

मूळ प्रश्नकर्ता

मुंबईच्या ताईंना : डब्याला साधारण सात आठवडे. ते हळू आवाजातलं वाक्य एक-दोनदा आलंय. १४४१६ ला परवा रात्री फोन केला, वीसेक मिनिटं बोललो.

काल आईला सांगितलं. पाठ करून ठेवलं होतं, तरी अडखळलो. म्हणालो, "आई, मला सकाळी उठवत नाही. डबा येतो, पण जेववत नाही. तुला रोज हो म्हणायचो ते खोटं होतं."

ती बराच वेळ काही बोलली नाही. टीव्हीचा आवाज बंद झाला तेवढं कळलं. मग म्हणाली, "कधीपासून व्हायलंय असं?"

मी सांगितलं. मग तिने मला कधी न सांगितलेलं सांगितलं. माझी धाकटी बहीण झाली तेव्हा तिला चार-सहा महिने असंच होतं. बाळ रडायचं आणि हिला उचलवायचं नाही. बायका म्हणायच्या बाहेरचं काहीतरी आहे. आजी मात्र म्हणाली होती, "मन उडालंय तिचं," आणि रात्रीचं बाळ स्वतःकडे घेऊन झोपायची.

यावर एक शंका. 'मन उडणं' आपण एखाद्या गोष्टीवरून म्हणतो ना? नोकरीवरून मन उडालं, माणसावरून मन उडालं. आजीने नुसतंच म्हटलं होतं, कशावरून ते नाही. आईला दोनदा विचारलं, ती म्हणाली नुसतंच. असं कुणी ऐकलंय का?

बुधवारी साडेबाराची वेळ मिळालीय. आई मंगळवारच्या गाडीने येतेय, बाबांना म्हणाली की पोराच्या खोलीत ढेकूण झालेत.