पावसात संडासचं पाणी उतरत नाही, टाकी उपसायची का?

आंबेवाडी: लांज्याकडे गावी आईबाबा असतात, घराची चिऱ्याची दोन चेंबरची सेप्टिक टँक आहे, बांधल्यापासून एकदाही उपसलेली नाही. जुलैपासून फ्लश केलं की पाणी वर चढतं, मग हळूहळू उतरतं, बाथरूमला वास पण येतोय. बाबा झाकण उघडून बघून म्हणाले काठोकाठ भरलीय. रत्नागिरीहून सक्शनचा टँकर बोलवायचा तर खर्च बराच आहे, शेजारचे म्हणतात दोन माणसं आणतो, बादलीने उपसतील आणि मागे आंब्याच्या बागेत खड्डा करून टाकतील. दुकानदाराने एक पावडर पण दिलीय. काय करू?

साइटवाला: सेप्टिक टँक चालू असताना कायम भरलेलीच असते, त्यामुळे नुसतं पाणी दिसलं म्हणजे टाकी भरली असं नाही. जड घाण तळाशी बसते, तेलकट वर तरंगते, मधलं पाणी तेवढं आउटलेटमधून शोषखड्ड्यात जातं. तळाशी बसलेलं जिवाणू थोडं थोडं खातात पण सगळं संपत नाही, ते साठत जातं, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी उपसा लागतो.
आता तुमच्याकडे बघायचं ते पाण्याची लेव्हल. आउटलेट पाइपच्या वर पाणी चढलं असेल तर पुढे शोषखड्डा पाणी घेत नाहीये, पावसात जमिनीतलं पाणी वर येतं तेव्हा हे फार होतं. लेव्हल पाइपाच्या तोंडाशीच असेल आणि तरी संडास तुंबत असेल तर घराकडून येणारी लाइन किंवा इनलेट चोक आहे. मग लांब काठीला पांढरं फडकं गुंडाळून पहिल्या चेंबरच्या तळापर्यंत घाला, बाहेर काढल्यावर काळा गाळ कुठपर्यंत लागला ते दिसतं. एक तृतीयांश खोली गाळाची असेल तर उपसायलाच हवी, आणि इतकी वर्षं हात लावलेला नाही म्हणता तर असणारच. हे करताना झाकण उघडून थोडा वेळ लांब थांबा, वाकून बघू नका, विडी-काडी जवळ नको.
पावडरीने बसलेला गाळ जात नाही. ॲसिड, फिनेल ओतणं बंद करा, त्याने जिवाणू मरतात.

कृष्णाकाठ: वरचं सगळं बरोबर, पण बादलीवाल्या माणसांचं आधी बोलूया. कृपा करून कोणालाही टाकीत उतरवू नका, अर्धी रिकामी झाल्यावर सुद्धा नाही. आतला हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू जास्त असला की वास येणंच बंद होतं, माणूस दोन श्वासांत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने असं काम करून घेणं गुन्हा आहे, काम सांगणाऱ्या घरमालकालाही तो लागू होतो. थोडे पैसे वाचवायला कोणाचा जीव का घालवायचा, टँकरच बोलवा.
आणि बागेतला खड्डा नकोच. आपल्याकडच्या जांभा दगडाच्या भेगांतून पाणी कुठे जाईल सांगता येत नाही, शोषखड्डा सुद्धा विहिरीपासून निदान 18 मीटर लांब असावा असं मानक सांगतं, तिथे कच्चा मैला ओतणार? टँकरवाल्याला पण विचारा कुठे रिकामा करणार म्हणून, नाहीतर तोच ओढ्यात सोडतो. आमच्या वाईत पालिका दर 3 वर्षांनी घरोघरच्या टाक्या क्रमाने उपसते आणि मैला प्रक्रिया केंद्रात नेते, त्यामुळे तुंबायची वाट बघायला लागत नाही. गावागावात हे व्हायला हवं.

आंबेवाडी: बाबांनी लांबून बघितलं, पाणी आउटलेटच्या बरंच वर आहे आणि फडक्याला निम्म्याच्या वर गाळ. माणसं आणू नका म्हणून शेजाऱ्यांना सांगितलंय. टँकर आता बोलवू की पाऊस संपल्यावर?

साइटवाला: आताच बोलवा, चिऱ्याची टाकी आहे म्हणून चालेल, प्लास्टिकची असती तर ओल्या जमिनीत रिकामी करून वर उचलली गेली असती. दोन्ही चेंबर उपसायला सांगा, आउटलेटचा टी पाइप (T आकाराचा तुकडा, वरची तरंगती घाण अडवणारा) शाबूत आहे का ते वरून टॉर्चने बघून घ्या. शोषखड्डा गाळाने बुजला असणार, तो दिवाळीनंतर नवीन मारा, विहिरीच्या उलट अंगाला. तोपर्यंत कपडे-भांड्यांचं पाणी टाकीत सोडू नका.