लहानीच्या पापणीतली गाठ

वहिनी: लहानीच्या वरच्या पापणीत ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ आली, दुखत नाही पण तीन आठवडे झाले जाऊनच नाही राहिली. आत्याबाई म्हणतात रांजणवाडी हाय, लवंग उगाळून लाव. लावू का?

आत्याबाई: आमच्या वेळी लवंगच लावत होतो, बरं होत होतं.

मामी: लवंग नको लावजो बाई, डोळ्यात गेली तं लय आग होते. अन् रांजणवाडी दुखते, केसाच्या मुळाशी लाल होऊन पू धरते. ही दुसरी गाठ हाय. पापणीत तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, वरच्या पापणीत २५ ते ४०, त्या तेलानं डोळ्यातलं पाणी लवकर सुकत नाही. एखादीचं तोंड बुजलं की तेल आतच घट्ट होते अन् गाठ धरते, डॉक्टर कॅलेझिऑन म्हणतात. माह्या पोराला कापूस वेचणीच्या दिवसात झाली होती, मेडिकलवाल्यानं ड्रॉप दिले, काही फरक नाही. पू नाही तं ड्रॉप काय करतीन!

वहिनी: मंग काय केलं मामी?

मामी: शेक. स्वच्छ सुती कपडा गरम पाण्यात पिळायचा, आधी आपल्या मनगटाला लावून पाहायचा, मंग बंद डोळ्यावर १० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. कपडा दोन मिनिटात थंड होते म्हणून गरम पाण्याचं भांडं जवळच ठेवजो अन् पुन्हा पुन्हा बुडवजो, आमचं इथंच चुकत होतं, एकदा ठेवला की झालं वाटे. शेकल्यावर हलक्या बोटानं वरून खाली, केसाकडे चोळायचं. दीड महिना लागला पण गेली.

दादा: सुईनं फोडली तं लवकर जाईन ना?

मामी: अजिबात नाही दादा, दाबायची पण नाही. नाहीच गेली तं डोळ्याचे डॉक्टर पापणी उलटून आतून काढतात, बाहेर डाग नाही दिसत. पापणी पूर्ण सुजली, ताप आला, नाही तं धूसर दिसलं तं मात्र त्याच दिवशी दवाखान्यात.

काकाजी: माही मागल्या वर्षी काढली, तिथंच परत आली. मी पण शेकू का?

मामी: नाही काकाजी, तुमचं वेगळं हाय. या वयात त्याच जागी परत आली तं डॉक्टरला दाखवाच, तुकडा तपासाले पाठवा लागते, क्वचित कॅन्सर निघते. तिथले पापणीचे केस गळाले का?

काकाजी: हो, थोडे गळाले. सोमवारी जातो.

मामी: उद्याच जा, अन् मागल्या ऑपरेशनचा कागद सोबत न्या. दादा, तू जाय त्यांच्यासोबत.

दादा: हो, सकाळच्या एसटीनं नेतो.