मुलं पळवण्याचा आळ

एकांनी लिहिलंय की रोमा लोक (युरोपातला एक अल्पसंख्याक समाज, ज्यांना 'जिप्सी'ही म्हटलं जातं) मुलं पळवतात असं युरोपभर बोललं जातं, तेव्हा काहीतरी असणारच. बरं, मग 2013 चा ऑक्टोबर घ्या. ग्रीसमध्ये फार्सालाजवळच्या रोमा वस्तीत पोलिसांना एक सोनेरी केसांची मुलगी दिसली. आईबापांसारखी दिसत नाही, म्हणजे पळवलेलीच! फोटो जगभर फिरला. डीएनए तपासणीत खरे आईवडील निघाले बल्गेरियातले, आणि तेही रोमाच.

तोवर आयर्लंडमध्ये लोण पोचलं होतं. एका टीव्ही पत्रकाराला फेसबुकवर कुणीतरी कळवलं की डब्लिनमधल्या रोमा कुटुंबात निळ्या डोळ्यांची, सोनेरी केसांची मुलगी आहे. पोलीस त्या सात वर्षांच्या पोरीला घरातून घेऊन गेले. अथलोनमध्ये दोन वर्षांच्या मुलाचंही तेच. दोघंही आपापल्या आईबापांचीच होती. पुढच्या वर्षी सरकारी चौकशी अहवालात मुलीच्या बाबतीत वांशिक पूर्वग्रहावर स्पष्ट ठपका आला. गोरी माणसं रोमांमध्येही असतात, एवढी साधी गोष्ट कुणाला सुचली नाही.

2019 मध्ये पॅरिसच्या उपनगरांत पांढऱ्या व्हॅनमधून मुलं पळवतात अशी अफवा पसरली आणि जमावाने रोमांवर हल्ले केले.

'आपल्याकडे असं नाही' म्हणणाऱ्यांनी धुळ्याचं राईनपाडा आठवावं. 1 जुलै 2018, आठवडी बाजाराचा दिवस, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, आणि व्हॉट्सॲपवरची तीच मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा. पाचही जण जिवानिशी गेले.