एक्झिस्टेन्शिअल रिस्कला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

भाची अकरावीला आहे, तिला कॉलेजात दहा मिनिटं मराठीत बोलायचंय आणि विषय तिनेच निवडलाय, माणूस ही जातच संपेल अशी संकटं आणि त्यांचा अभ्यास. मोबाईलवर भाषांतर करून पाहिलं तर 'अस्तित्वात्मक जोखीम' आलं, एका ठिकाणी चक्क 'अस्तित्ववादी धोका', तो तर सरळसरळ चुकलाय, अस्तित्ववाद म्हणजे सार्त्र वगैरेंचं तत्त्वज्ञान, त्याचा इथे काही संबंध नाही. 'जोखीम' पण मला पटत नाही, आमच्या जुन्या नाशकातल्या घरी आजी दागिन्यांच्या डब्याला जोखीम म्हणायची, 'घरात जोखीम आहे, कुलूप नीट लाव'.

अर्थ असा आहे. निक बॉस्ट्रॉम या तत्त्वज्ञाने २००२ च्या लेखात व्याख्या केली, त्यात दोन्ही येतं, एक तर बुद्धिमान जीवन समूळ नष्ट होणं, नाहीतर ते जिवंत राहूनसुद्धा त्याची पुढची वाढ कायमची खुंटणं. हे दुसरं महत्त्वाचं, म्हणून नुसतं 'मानवजातीचा नाश' म्हणून भागत नाही. सुचवा प्लीज, तिला पाठांतर नको, समजून बोलायचंय.

सिन्नरकर: ताई, एवढा विचार कशाला, आपल्याकडे 'प्रलय' आहे की. सगळ्यांना कळतो, समजावत बसावं लागत नाही.

प्रलय मी आधीच लिहून खोडला हो दादा. पुराणातला प्रलय हा चक्रातला एक टप्पा आहे, प्रलय झाला की परत सृष्टी होते, ब्रह्मदेवाची रात्र संपली की पुन्हा सकाळ. म्हणजे त्या शब्दात धीर भरलेला आहे. आणि इथे नेमकं उलट सांगायचंय की यानंतर पुन्हा काही नाही, चूक सुधारायला दुसरी संधी मिळणार नाही. प्रलय म्हटलं की मुलं त्या धीरासकट ऐकतील.

निफाडकर: शेतकऱ्याचं ऐका ताई. मार्चमध्ये गारपीट झाली की द्राक्षाचे घड झोडपले जातात, मणी फुटतात, आम्ही म्हणतो हंगाम गेला. वाईटच आहे, कर्ज डोक्यावर राहतं, पण खोड शाबूत असलं तर एप्रिलला खरड छाटणी करून पुढच्या साली परत उभं राहता येतं. बाग जाणं वेगळं. आता कांद्याचं बघा, डोंगळ्यासाठी, म्हणजे बी धरायला, चांगले कांदे बाजूला काढून लावतो, त्याचंच उळं, म्हणजे कांद्याचं बी, पुढच्या वर्षी टाकायचं. भाव चढला म्हणून तेही कांदे विकले तर यंदा पैसा दिसतो पण पुढच्या वर्षी टाकायला घरचं काही नाही. सगळ्या गावाने एकाच वर्षी तसं केलं तर घेणार कुणाकडून? तुम्ही म्हणताय ती गोष्ट ही आहे. माझे वडील याला 'बीमोड' म्हणायचे, बी मोडलं की संपलं.

हा शब्द वाचून मी थांबलेच. तुमच्या डोंगळ्यात बॉस्ट्रॉमची दुसरी बाजू पण येते ना, घर उभं आहे, माणसं जेवतायत, पैसा आहे, पण पुढचं बी गेलंय.

नाशिकरोडकर: शब्द छान आहे पण वापर बघा. आपण बीमोड कायम वाईटाचा करतो, बंडाचा, गुंडगिरीचा, रोगाचा. देवीच्या रोगाचा बीमोड झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने १९८० साली जाहीर केलं, हा आनंदाचा वापर आहे. 'मानवाचा बीमोड' ऐकून कुणाला वाटेल माणूसच कीड आहे. शिवाय 'मोड' म्हणजे अंकुर पण, शहरातल्या पोरांना मोड आलेली मटकी आठवेल. आणि निफाडच्या थॉमसन द्राक्षाला कुठे बी असतं, तरी बाग आहेच.

निफाडकर: थॉमसन काडीवर आणि कलमावर चालतं, म्हणजे माणसाच्या हातावर. हात थांबला की तीही गेली.

मला नाशिकरोडकरांचा पहिला मुद्दा दोन दिवस सतावत होता, पण आता वाटतं तोच शब्दाच्या बाजूने जातो. प्रलय येतो, बीमोड कुणीतरी करतं. आणि हा अभ्यास आज नेमकं तेच सांगतो. आधी निसर्गाचं बघा. आपण पांडवलेणीच्या ज्या काळ्या कातळात बसतो, अंजनेरी, ब्रह्मगिरी, सगळा दख्खनचा बेसाल्ट, तो लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहत होता, त्याच सुमारास मेक्सिकोत अशनी आदळला आणि डायनासोर गेले (लाव्हाचा त्यात वाटा किती यावर अजून वाद आहे). जुन्नरजवळ बोरीला कुकडीकाठी सुमात्राच्या टोबा ज्वालामुखीची राख सापडलीये, ती त्याच्या कुठल्या उद्रेकाची यावरही वाद आहे, पण टोबाचा शेवटचा मोठा उद्रेक ७४ हजार वर्षांपूर्वीचा आणि त्यातूनही माणूस तगला. माणूस दोन-तीन लाख वर्षं निसर्गाला पुरून उरलाय, म्हणून एका शतकात निसर्गाकडून संपायची शक्यता फार कमी धरतात. टोबी ऑर्ड या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञाने २०२० मध्ये स्वतःचा अंदाज दिला होता, येत्या शंभर वर्षांत नैसर्गिक धोका सगळा मिळून दहा हजारात एक, आणि माणसाच्या हातचं धरून एकूण सहात एक. अंदाजच आहे तो, मोजमाप नाही, पण फरक बघा केवढा. अणुबॉम्ब १९४५ चा, प्रयोगशाळेत घडवलेले जंतू, एआय, हे सगळं आपण केलेलं. डोंगळ्याचे कांदे विकणारा शेजारचा नाही, आपणच आहोत. असं असताना कर्ता लपवणारा शब्द वापरायचा कशाला?

सिन्नरकर: मग नुसतं 'मानवाचा बीमोड' नको, 'आपल्याच हातून बीमोड' असं घाला, म्हणजे कीडवाला अर्थ निघणार नाही.

हे घेतलं. भाचीने लिहिलेलं पहिलं वाक्य आता असं आहे: 'हंगाम जाणं आणि बीमोड होणं यात फरक आहे, आणि आपल्याच हातून आपला बीमोड होऊ नये म्हणून काही लोक आत्तापासून हिशोब मांडतायत.' निफाडकर काका, तिला डोंगळे लावलेलं शेत बघायचंय, फुलं कधी येतात तेवढं सांगा.